'बेळगाव कुंदा' महिन्याला किती लोक सर्च करतात, कसं कळणार?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी, घरचं मिठाईचं दुकान हाय, कुंदा पार्सलनं पुण्याला-गोव्याला पाठवायचं डोक्यात चाललंय. वेबसाईट करून देणारा एकजण म्हणतोय कुंद्याला गुगलवर लै सर्च हाय, किती विचारलं की नुसता हसतोय. मग मीच गुगल अ‍ॅड्सचा कीवर्ड प्लॅनर (कुठला शब्द महिन्याला किती सर्च होतो ते दाखवणारं साधन) उघडला तर '100 ते 1 हजार' दाखवालंय. आता शंभर धरायचे का हजार? खरा आकडा कुठं मिळतोय काय?

टिळकवाडी_वेब:
नेमका आकडा कुठंच मिळत नाही भावा. अ‍ॅड्सवर खर्च चालू नसला की प्लॅनर असा ढोबळ पट्टाच देतो, खर्च चालू असला की जरा बारीक आकडा येतो, पण तोही साधारण बारा महिन्यांची सरासरी, म्हणजे दिवाळीची गर्दी त्यात सपाट होऊन जाते, महिन्यावार आलेख बघ.
नुसतं 'कुंदा' टाकू नको, ते बाईचं नाव पण आहे. 'बेळगाव कुंदा', 'कुंदा ऑनलाईन' असं टाक, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरात पण, आणि 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालंय तर ते पण. लोकेशनला फक्त बेळगाव ठेवलंस तर फुकट, इथला माणूस चालत जाऊन घेतोय की, गुगल कशाला उघडेल? पुणे, गोवा, बेंगळुरू टाक.

निपाणीची_ताई:
पण सगळ्या स्पेलिंगची बेरीज मारू नका हं. प्लॅनर जवळजवळच्या स्पेलिंगांना एकत्र धरतो, त्यामुळे दोन्हींना अगदी तोच आकडा आला तर तेच लोक दोनदा मोजले जातील.

शहापूरकर:
बरं. गुगल ट्रेंड्सवर (सर्चची चढउतार रेघेत दाखवतंय ते) दिवाळीच्या जवळ 100 दिसालंय, म्हणजे शंभर लोक का?

निपाणीची_ताई:
नाही हो दादा, तिथं 100 म्हणजे निवडलेल्या काळातलं सगळ्यात उंच टोक, माणसं नव्हेत. पण तुलनेला बरं. 'धारवाड पेढा' शेजारी टाका, भाग आणि काळ दोन्हीकडं तोच ठेवा. समजा पेढ्याचा अंदाज तुमच्याकडं आहे आणि कुंद्याची रेघ सरासरी त्याच्या निम्मी चाललीय, तर कुंदा साधारण निम्मा. फारच कमी सर्च असले तर ट्रेंड्स काहीच दाखवत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

खानापूरचा_पोऱ्या:
माझं ऐकशील तर महिनाभर छोटी जाहिरात चालव, कीवर्ड एक्झॅक्ट मॅचला, म्हणजे त्याच अर्थाच्या सर्चलाच जाहिरात दिसेल. इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली) आणि इम्प्रेशन शेअर (दिसू शकली असती त्यातले किती टक्के वेळा दिसली) दोन्ही बघ. समजा 300 वेळा दिसली आणि शेअर 60 टक्के, म्हणजे जाहिरातीला एकूण संधी 500 च्या आसपास होती. पट्ट्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि चार ऑर्डरी आल्या तर खर्च पण निघतोय. साईट झाली की गुगलचं सर्च कन्सोल (तुझी साईट कुठल्या सर्चला किती वेळा दिसली ते सांगणारं साधन) जोड, फुकट आहे, 16 महिन्यांचा डेटा राहतो. मात्र तू पहिल्या पानावर कायम दिसत असशील तरच तिथलं इम्प्रेशन सर्चच्या जवळ जातं, तिसऱ्या पानावर असलास तर तिथवर येतंय कोण.

शहापूरकर:
जाहिरातीचं पटालंय. 'कुंदा रेसिपी'वाले पण धरायचे काय?

टिळकवाडी_वेब:
ते घरातच दूध आटवणार, सोड त्यांना. 'कुंदा किती दिवस टिकतो' शोधणारा मात्र पार्सलचं गिऱ्हाईक, आकडा कमी दिसला तरी त्याच्यासाठी एक पान करून ठेव.