अनुभव धागा: नाताळच्या सकाळी ताटात काय?

मध्यरात्रीची मिस्सा आटपून घरी पोचायला दीड-दोन वाजतात आणि सकाळी नवाच्या आत पहिले पाहुणे दारात. त्यामुळे २५ तारखेच्या न्याहारीची तयारी २२ तारखेपासूनच लागते. केक आणि वाइनबद्दल दरवर्षी भरपूर लिहून होतं, इथे फक्त सकाळचं पहिलं खाणं. काय करता, प्रमाण किती, आदल्या दिवशी काय उरकता आणि काय का बिघडतं, तेवढं लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

आगाशीवाली

वसई पट्ट्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक) घरांत या सकाळी फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, हवेतच. अर्ध्या किलो मैद्याचे लिंबाएवढे साधारण चाळीस होतात. प्रमाण: दोन अंडी, एका मोठ्या नारळाचं दूध (कोमट पाण्यात काढून ३०० ते ३५० मिली), दोन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे पातळ केलेलं तूप, एक लहान चमचा मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ताजी ताडी मिळाली तर यीस्ट नको. मग दूध १५० मिली कमी करून तेवढी ताडी घाला.

दूध बोट बुडवून सहज ठेवता येईल इतपतच गरम हवं. त्याहून गरम दुधात यीस्ट मरतं आणि पीठ रात्रभर ठेवलं तरी हलत नाही. हे पीठ मळायचं नसतं, फेटायचं असतं. परातीत हाताने उचलून आपटत दहा-बारा मिनिटं, तार सुटायला लागेपर्यंत. हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा टाकण्याचा मोह होतो. तिथेच फुगे घट्ट होतात.

डिसेंबरच्या थंडीत यीस्टचं पीठ फुगायला दोन तास, ताडीचं चार तास तरी लागतात. मिस्सेला जाण्याआधी भिजवून बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. त्यामुळे एकतर पहाटे पाचला भिजवा, नाहीतर रात्री निम्म्या यीस्टमध्ये भिजवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तळायच्या दीड तास आधी बाहेर काढा.

तळताना कढईत तेल चार बोटं तरी खोल पाहिजे. पीठ मुठीत घेऊन दाबलं की अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून गोळा वर येतो. तो दुसऱ्या हाताच्या, पाण्यात बुडवून नीट झटकलेल्या बोटांनी खुडून तेलात सोडायचा. पाणी ठिबकत राहिलं तर तेल अंगावर उडतं, मुलांना लांब ठेवा.

मिरारोडकर

ताई, आमच्याकडे फुगे बाहेरून तांबूस होतात आणि फोडले की मध्ये चिकट पीठ. यीस्ट कमी पडतं का?

आगाशीवाली

यीस्ट नाही, आंच. तेल धुरावलं की बाहेरची कड आधी पक्की होते आणि आत वाफ धरायला वेळच मिळत नाही. पीठाचा थेंब टाकल्यावर तो तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत वर आला पाहिजे. लगेच उसळून वर आला तर तेल जास्त तापलंय. गोळा लिंबापेक्षा मोठा नको, आणि एका वेळी आठ-दहाच सोडा. झाऱ्याने सतत हलवत राहिलात तर सगळीकडून सारखा रंग येतो. मध्यम आचेवर एका घाण्याला चार मिनिटं धरा.

माडाखालचा

फुगे असोत की सान्नां (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या), खरा मान सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मांस-कलेजीच्या व्हिनेगरातल्या कालवणाचा. गोव्यात सासष्टीत २२ तारखेला शिजवतात, कारण तिसऱ्या दिवशी व्हिनेगर मांसात उतरतं आणि मसाल्याचा कच्चा उग्रपणा जातो. पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातला हा पदार्थ इकडे माडाच्या व्हिनेगरवर आला.

डुकराचं चरबीसकट मांस एक किलो, कलेजी पाव किलो. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, मोठ्या तुकड्यांत, मीठ-हळदीच्या पाण्यात उकडायची: मांस वीस-पंचवीस मिनिटं, कलेजी आठ मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम मांस सुरीखाली फाटतं, आणि सोरपोतेलमध्ये तुकडा हरभऱ्यापेक्षा जरासा मोठा आणि चौकोनी हवा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन माणसं बसवा. उकडल्याचं पाणी ठेवून द्या.

मसाला: २० काश्मिरी मिरच्या, दोन लहान चमचे जिरं, एक चमचा मिरी, आठ लवंगा, दोन इंच दालचिनी, पंधरा लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, सगळं १५० मिली माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाण्याचा थेंब नको. बाजारातलं कृत्रिम पांढरं व्हिनेगर असेल तर १०० मिलीवर थांबा आणि चिमूटभर साखर घाला, ते नुसतंच झोंबतं. मांसाचे तुकडे त्यांच्याच चरबीत परतून बाजूला काढा, त्याच चरबीत चार कांदे तांबूस करा, मसाला तेल सुटेपर्यंत परता, मग मांस आणि उकडल्याचं पाणी. मंद आचेवर पाऊण तास. कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली तर वातड होते. काही घरांत रक्त घालतात, पण खात्रीचा खाटीक नसेल तर सोडून द्या, रस कलेजीनेही दाट होतो.

भांडं मातीचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियम आणि कल्हई गेलेलं तांबं-पितळ व्हिनेगरपुढे टिकत नाही, चवही कडवट होते. जुन्या पद्धतीत रोज एकदा उकळी आणून बाहेरच ठेवत; आता फ्रीज असताना तो धोका कशाला? रोज लागेल तेवढंच काढून उकळा आणि बाकीच्यात ओला डाव घालू नका. सोरपोतेल बिघडतं ते बहुतेक वेळा त्या डावाने.

डुक्कर न खाणाऱ्यांसाठी याच वाटणात कोंबडी होते, व्हिनेगर निम्मं आणि मुरवण एका रात्रीची पुरे.

सूरवाली

सान्नांचं राहिलं. अर्धा किलो तांदूळ (निम्मा उकडा, निम्मा साधा जाडा) सात-आठ तास भिजवून, एका नारळाच्या चवासोबत, पाव लिटर सुरेत (माडाच्या ताडीत) मऊ वाटायचा. दोन मोठे चमचे साखर आत्ताच, मीठ मात्र उकडायच्या आधी, कारण मीठ आंबणं मंदावतं. पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरासं पातळ हवं.

सूर सकाळी उतरवलेली पाहिजे. संध्याकाळपर्यंत ती इतकी आंबते की सान्नांना दारूचा वास येतो. रेंदेर (माडावरून सूर उतरवणारे) कमी झालेत आणि नाताळात मागणी एकदम वाढते, त्यामुळे आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीच मिळाली तर शहाळ्याच्या कोमट पाण्यात एक लहान चमचा यीस्ट आणि साखर, दहा मिनिटांनी फेस आला की वापरा. सान्नां हलकी होतील, पण सुरेचा गोडसर आंबूसपणा त्यात येत नाही, हे मान्य करून टाका.

फुगलेलं पीठ ढवळू नका. वरवरून पळीने उचलून तेल लावलेल्या वाट्यांत अर्ध्याच्या वर भरा. मोदकपात्राच्या झाकणाला कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पडून वर खड्डे पडतात. पंधरा मिनिटं. वाट्या पाच मिनिटं निवू द्या, मगच सान्नां सोडवा.

अप्पमवाला, नेरूळ

केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास, मांसमासळी बंद. तो मिस्सेनंतर सुटतो, म्हणून सकाळी पाळप्पम (तांदळाचं, कडेला जाळी पडलेलं मऊ धिरडं) आणि कोंबडीचा किंवा मटणाचा इष्टू. दोन वाट्या कच्चा तांदूळ भिजवून वाटताना त्यातलं दोन चमचे भरड वाटण वेगळं काढतात, एक वाटी पाण्यात खिरीसारखं शिजवून, निववून परत मिसळतात. मऊपणा त्याने येतो. सोबत एक वाटी खोबरं, अर्धा लहान चमचा यीस्ट, रात्रभर आंबवणं.

कडेची जाळी पडत नसेल तर पीठ दाट आहे. पीठ चट्टीला (अप्पमच्या खोलगट कढईला) न धरता खाली घसरत असेल तर चट्टी जास्त तापलीय किंवा तेल जास्त झालंय, कापडाने पुसा. एकदाच गोल फिरवा, झाका, दोन-तीन मिनिटं, उलटायचं नाही.

इष्टूत मांस आणि बटाटा नारळाच्या पातळ दुधात शिजवायचा. अख्खी मिरी, आलं, हिरवी मिरची, लवंग, वेलची. हळद आणि लाल तिखट अजिबात नाही. घट्ट दूध गॅस बंद करताना. उकळलं की फाटलंच.

नगरची

आमच्याकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरांत मध्यरात्रीपेक्षा सकाळच्या उपासनेला महत्त्व, आणि न्याहारी म्हणजे फराळ: करंजी, चकली, शंकरपाळे, चिवडा, लाडू, सोबत चहा. दिवाळीसारखाच, पण एक फरक ध्यानात ठेवा: चर्चमधून आलेल्या प्रत्येक घरात ताट जातं, म्हणून तळण मऊ पडून चालत नाही. करंजीला ओल्या नारळाचं सारण दोन दिवसांच्या वर टिकत नाही. सुकं खोबरं आणि भाजलेला रवा घेतला तर दोन आठवडे निघतात. पिठीसाखर सारण पूर्ण निवल्यावरच घाला, गरमात ओल सुटते आणि करंजी आतून मऊ पडते. चकलीची दिवाळीतली भाजणी कोरडी राहिली असेल तर उत्तम, पण तळण्याआधी दोन मिनिटं परत भाजा.

केकचं मिश्रण बेकरीत नेऊन भाजून आणणारे अजून बरेच आहेत. डब्यांवर नाव असलेली चिठ्ठी चिकटवा, आणि बेकिंग पावडर बेकरीत पोचल्यावर मिसळा. रांगेत तासभर थांबलेलं मिश्रण भट्टीत फुगत नाही. पावाचा घाणा नुकताच निघाला असेल तर भट्टी केकला फार तापलेली असते, वीसेक मिनिटं थांबायला सांगा.

जर्सीकर

इथे २५ तारखेला जवळपास सगळी दुकानं बंद, त्यामुळे रात्रीच लावून ठेवायचा पावाचा पदार्थ सोपा पडतो. अर्धा किलो शिळ्या पावाचे तुकडे, आठ अंडी, अर्धा लिटर दूध, २०० ग्रॅम चीज, परतलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी १७५ अंशावर पन्नास मिनिटं. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाकू नका, तडकतं. अर्धा तास बाहेर ठेवा. ताजा पाव वापरला तर तळाशी लगदा होतो.

मिरारोडकर

दुपारी उरलेले फुगे आणि सान्नां कसे गरम करायचे? मायक्रोवेव्हमध्ये दोन्ही चिवट झाले.

आगाशीवाली

फुगे मधोमध चिरून तव्यावर झाकण ठेवून, मंद आंच, दोन मिनिटं. सान्नां पुन्हा मोदकपात्रात पाच मिनिटं, कापड बांधूनच.