आईसाठी वसंतातल्या फुलांची सोपी चित्रं सुचवा (जलरंग, अगदी नवशिकी)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
आई गेल्या वर्षी निवृत्त झाली. आयुष्यभर गणित शिकवलं, आता चित्रं काढायची म्हणतेय आणि अगदी मनापासून म्हणतेय. शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नाही. त्यात उजव्या हाताची बोटं आखडतात, सकाळी जास्तच. बारीक काम जमत नाही, थोड्या वेळाने हात दुखायला लागतो.

व्हिडिओ बघून तिने गुलाब आणि ट्यूलिप काढून पाहिले. बरे आले होते, पण तिचं मन रमेना. "आत्ता आपल्याकडे जे फुललंय ते काढायचंय मला," असं तिचं म्हणणं. आम्ही साताऱ्यात राहतो. गावाबाहेर पडलं की पळस दिसतोय, सोसायटीत चाफा आणि बोगनवेल आहे. फाल्गुन-चैत्र-वैशाखातल्या फुलांची एक वही भरायचा तिचा बेत आहे.

तर यातली कोणती फुलं सोपी जातील, कशी काढायची आणि सामान काय आणू? घरात भाच्याची बारा ट्यूबची जलरंगाची पेटी आहे, साधी चित्रकलेची वही आहे. एकदम फार खर्च नको.

रंगपेटी
आईंना माझा नमस्कार सांगा. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा सामानाचं आधी बोलतो.

पेटी आहे तीच पुरे. लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना एवढे रंग त्यात असले की वसंत ऋतू निघतो. वही मात्र बाजूला ठेवा. पातळ कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, रंग खळग्यात साचतो आणि नवशिक्या माणसाला वाटतं आपला हातच वाईट आहे. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), जरा खरखरीत पोताचा कागद आणा. मोठा ताव घेऊन घरी कापला तर स्वस्त पडतो. पैसे घालायचेच तर कागदावर घाला, रंगांवर नको.

ब्रश एकच, गोल, ८ किंवा १० नंबरचा. ओला केल्यावर त्याला नीट टोक येतंय का ते दुकानातच पाहून घ्या. बारीक ब्रश आत्ता घेऊच नका. बारीक ब्रश हातात आला की माणूस बोटं आवळून धरतो, आणि आईंना नेमका त्याचाच त्रास होणार. ब्रशच्या दांडीला जुन्या स्पंजची पट्टी गुंडाळून वर रबरबँड लावा. दांडी जाड झाली की पकड सैल ठेवता येते. कागद पाटावर चिकटपट्टीने चिकटवा, पाट मागून थोडा उचला आणि उभं राहून रंगवा. हात कोपरापासून हलला पाहिजे, मनगट आणि बोटं नुसती सोबतीला. चित्र मोठं काढायचं. तळहाताएवढं एक फूल काढणं हे नाण्याएवढी पाच फुलं काढण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

पहिले दोन-चार दिवस फूल नकोच. ब्रशचं टोक टेकवायचं, दाबायचं, ओढत ओढत उचलायचं. एवढंच. टोकदार, मध्ये फुगीर असा ठसा उमटतो. तीच पाकळी, तीच कळी, तेच पान.

डोंबिवलीकर
रंगपेटी सर, कागदाबद्दल थोडं वेगळं मत. महागाचा कागद समोर असला की हात बिचकतो. माझ्या सासूबाईंनी साध्या कार्ट्रिज कागदावर गठ्ठेच्या गठ्ठे फुलं काढली, म्हणून त्यांचा हात मोकळा झाला. कागद वाया गेल्याची खंत नसणं फार महत्त्वाचं आहे.

रंगपेटी
हे मान्य. ठशांचा सराव कार्ट्रिजवर करा, तिथे पाणी कमीच लागतं. पण ओल्यावर ओला रंग सोडायचा असेल (चाफ्याला तेच करायचंय) तर जाड कागदाला पर्याय नाही.

पळसपान
आत्ता फाल्गुन आहे ना, मग पहिलं चित्र पळसाचं! मी चंद्रपूरकडची, आमच्याकडे या दिवसांत रान पेटल्यागत दिसतं, त्यामुळे पक्षपात होणारच. पण नवशिक्यासाठी पळसच उत्तम असं मी नीट विचार करून सांगतेय. एक तर फुलांच्या वेळी झाडावर पान नसतं, म्हणजे हिरव्याची भानगडच नाही. दुसरं, मुख्य पाकळी वर वळलेली, पोपटाच्या चोचीसारखी, आणि ती वर सांगितलेल्या टेकवा-दाबा-उचला या एका फटकाऱ्यात येते. फक्त उचलताना हात थोडा वर वळवायचा.

आधी फांदी. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन घातला की गडद करडा-तपकिरी रंग तयार होतो. एक तिरकी, गाठीगाठीची रेघ ओढायची. हात थरथरला तर फांदी जास्त खरी दिसते. मग ब्रश पूर्ण पिवळ्यात भिजवायचा आणि नुसतं टोक व्हर्मिलियनमध्ये बुडवायचं. फटकारा मारला की टोकाशी लाल, पुढे केशरी, शेवटी पिवळट, असं सगळं एका दमात उतरतं. दोन फटकाऱ्यांनंतर ब्रश पुन्हा भरायचा. फुलं दाटीने काढा, एकमेकांवर चढू द्या, पळस विरळ फुलत नाही. मधूनमधून थोडा पांढरा कागद मात्र राहू द्या.

पूर्ण वाळल्यावर प्रत्येक फुलाच्या बुडाशी गडद रंगाचा एक ठिपका. तो देठाकडचा मखमली काळपट पेला असतो, आणि त्या ठिपक्यानेच पळस "पळस" होतो. तो नसेल तर कुठलंही केशरी फूल वाटेल. फांदीच्या शेंड्याकडे नुसते काळपट ठिपके आणि त्यांना जरासं केशरी टोक, या झाल्या कळ्या.

आणि आईंना झाडाखाली घेऊन जा हो. खाली पडलेली चार फुलं ताटलीत आणून समोर ठेवा. फोटोत तो मखमली पेला नुसता काळा दिसतो, हातात घेतल्यावर त्यातला तपकिरी-हिरवट रंग कळतो.

सुरंगी
वेंगुर्ल्याहून लिहितेय. चाफा आणि बोगनवेल दारातच आहेत तर सोन्याहून पिवळं.

चाफ्यासाठी (पांढरा, मध्ये पिवळा असतो तो) पेन्सिलीने अगदी फिकट पाच पाकळ्या काढा. एवढंच बघा की प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली जाते, पाचही पाकळ्या एकाच दिशेने. ही दिशा चुकली की फूल लगेच खोटं वाटतं. मग एका पाकळीवर नुसतं स्वच्छ पाणी फिरवा आणि मध्याशी लेमन यलोचा एक थेंब टेकवा. हात मागे घ्या. पिवळा आपोआप पसरत जातो, कडेकडे जाईतो पांढरा होतो. वाळू द्या. लगतची पाकळी लगेच ओली करू नका, नाहीतर दोन्ही एक होतील. एक सोडून एक करा. शेवटी फुलाभोवती गडद हिरवं-निळं पाणीदार भरलं की पांढरं फूल पुढे येतं. आईंच्या बोटांना यात काहीच ताण नाही, निम्मं काम पाणीच करतं.

बोगनवेल त्याहून सोपी. जे रंगीत दिसतं त्या पाकळ्या नसतात, ती रंगीत पानं असतात, तीन-तीनच्या जुडग्यात. खरं फूल मधलं, बारीक नळीसारखं, पांढरट. क्रिमसनमध्ये किंचित अल्ट्रामरीन मिसळून बदामाच्या आकाराचे तीन डाग, मध्ये फट ठेवून. ओले असतानाच एखाद्या डागात गडद थेंब सोडा. वाळल्यावर हवं तर पेनाने शिरा काढा, नाही काढल्या तरी छान दिसतं. असे पुष्कळ डाग पडले की वेल लोंबायला लागते.

फ्लुरोसंट गुलाबी वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. भिंतीवर लावलं की उन्हाने लवकर उडतो.

चिवचिव
चित्रातलं मला फार कळत नाही, पण सुट्टीत मुलांकडून जे करून घेते त्यातलं आईंनाही आवडेल असं वाटतं. भेंडी देठापासून थोडं खाली आडवी कापायची, पाच कोनांचं फूल तयार! फक्त काप टिपकागदावर टेकवून बुळबुळीतपणा काढून टाकायचा, नाहीतर रंग घसरतो. ताटलीत ओल्या स्पंजवर पोस्टर कलर पसरायचा, त्यावर भेंडी दाबायची आणि कागदावर ठसा. पाडव्याची शुभेच्छापत्रं आम्ही अशीच केली.
आंब्याचा मोहोर तर कानातल्या कापसाच्या काड्यांनी करायचा. चार-पाच काड्या रबरबँडने एकत्र बांधून फिकट पिवळ्यात बुडवायच्या आणि तुऱ्याच्या आकारात टपटप टेकवत जायचं, बुडाशी रुंद सुरुवात, शेंड्याला निमुळतं. नंतर एका सुट्या काडीने थोडे तांबूस ठिपके.

पोटोमॅकतीरी
वॉशिंग्टनजवळ राहते. आमच्याकडे मार्चअखेर-एप्रिलमध्ये चेरी फुलतो. टोकियो शहराने १९१२ साली ३,०२० झाडं भेट दिली होती, तेव्हापासून टायडल बेसिन या तळ्याचा काठ या दिवसांत गर्दीने फुललेला असतो. इथल्या आमच्या मराठी मैत्रिणी मिळून तिथे बसून रंगवतो. सुरंगीताईंची पाणी-आणि-एक-थेंब ही पद्धत चेरीला जशीच्या तशी लागू पडते, फक्त रंग अगदी फिकट गुलाबी. पाकळीच्या टोकाला लहानशी खाच ठेवायची आणि एकाच बिंदूतून लांब देठांवर फुलांचा झुबका लोंबवायचा. भारताबाहेरच्यांनी कोणी हा धागा वाचला तर उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. आईंनी मात्र पळसच काढावा, मला तो इथे कुठून दिसणार!

कृष्णाकाठ
धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार! आईने पळस काढला आणि त्या काळ्या ठिपक्यांनंतर स्वतःच "अगं, हा पळस झाला की" म्हणाली. चाफाही सुरेख आलाय. स्पंजची दांडी फारच कामाची, आता हात दुखत असल्याची तक्रार नाही.
आता बहावा फुललाय आणि तिथे गाडी अडलीय. एक तर पांढऱ्या कागदावर पिवळा दिसतच नाही. सावली द्यायला काळा मिसळला तर शेवाळी हिरवा होतो. काय करावं?

रंगपेटी
पिवळ्यात काळा गेला की हिरवटच होणार, तो त्या रंगांचा धर्म आहे. पिवळ्याची सावली यलो ऑकरने द्यायची, त्याहून गडद हवी तर त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना. पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला आणि दुसरा फक्त स्वच्छ पाणी घ्यायला. निळ्याचा अंश असलेलं पाणी पिवळ्यात गेलं तरी तो मळतो.

आता तो दिसत नाही त्याचं. पिवळ्याच्या समोर जांभळा उभा करा. क्रिमसन आणि अल्ट्रामरीनचा अगदी पातळ, करडट जांभळा हात सगळ्या कागदावर फिरवा, पण जिथे घोस लोंबणार तिथले पट्टे कोरडे सोडा. कडा धूसर राहिल्या तर उत्तमच. वाळल्यावर त्या पांढऱ्या पट्ट्यांत पिवळा उजळतो. दुसरा मार्ग याहून सोपा: खाकी किंवा करडा कागद घ्या आणि पोस्टर कलरचा दाट पिवळा वापरा. थकलेल्या दिवशी हाच बरा.

घोसाची घडण नीट बघायला सांगा. वरची फुलं आधी उमलतात, खाली कळ्या. म्हणून वर मोठ्या, पसरलेल्या पाच-पाच पाकळ्या, मध्यावर अर्धवट मिटलेली फुलं आणि खाली येता येता गोल ठिपके लहान लहान होत हिरवट पिवळे. आधी मधला देठ एका सैल, किंचित झुलत्या रेघेत ओढायचा, मग दोन्ही बाजूंनी फुलं लावत जायचं. सगळे घोस समांतर नकोत, वाऱ्याने एखादा कलू द्या. आईंनी गणित शिकवलंय ना, लहान-मोठ्याचा हा क्रम त्यांना बरोबर पकडता येईल.

डोंबिवलीकर
सर, ही जांभळ्याची युक्ती आजच करून पाहिली. बहावा खरंच कागदातून बाहेर आला. सासूबाई खूश!

कृष्णाकाठ
आमच्याकडे खाकी कागदावरचा जमला. आता शेवटचं पान ताम्हणाचं ठेवलंय, राज्यफूल आहे म्हणून आईचा हट्ट. पण त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या असतात. त्या कशा काढायच्या?

पळसपान
चुरगळलेपण रेघांनी काढायला जाऊ नका. सहा पाकळ्या आहेत, बुडाशी प्रत्येकीला बारीक देठ असतो म्हणून मध्ये फटी दिसतात, त्या जपा. क्रिमसन जास्त आणि अल्ट्रामरीन कमी असा जांभळट गुलाबी पातळ करून पाकळीचा डाग टाका, कड मुद्दाम वेडीवाकडी. ओला असतानाच टिपकागद चोळामोळा करून एकदाच हलका टेकवा आणि उचला. जिथे टेकला तिथला रंग उडतो आणि सुरकुत्या आपोआप दिसतात. मध्ये पिवळ्या पुंकेसरांसाठी दाट पोस्टर कलरचे ठिपके, वाळल्यावर. तुरा वर उभा असतो आणि खालची फुलं आधी उमलतात, म्हणून वर शेंड्याकडे गोल, खाचा असलेल्या कळ्या काढायला विसरू नका.

जुनी फुलं फिकट होत जातात, त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद आणि फिकी दोन्ही दिसतात. फिक्यांसाठी वेगळा रंग बनवायचा नाही, ब्रश न धुता त्याच रंगात पाणी वाढवायचं. आधी गडद फुलं संपवा, मग फिकी.