जंगली आईबाप घेतले तरी फरक पडतोच

‘दरवर्षी नदीतलेच मासे पकडून त्यांची अंडी हॅचरीत (पिल्लं हौदात वाढवून नदीत सोडणाऱ्या केंद्रात) उबवली तर जनुकं तीच राहतात, मग बिघडतं कुठे?’ हा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण खरा नाही. बिघाड पहिल्याच पिढीत होतो. अमेरिकेत ओरेगनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) माशांवरचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. हॅचरीत वाढलेल्या आणि नदीत वाढलेल्या आईबापांची पिल्लं अगदी सारख्या परिस्थितीत वाढवली, तरी त्यांच्यात ७००हून जास्त जनुकांच्या कामात फरक निघाला. त्यातली बरीचशी जनुकं जखम भरणं, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी निगडित होती.

जखम भरणं हे वाचून मी थांबलोच. हॅचरीच्या हौदात पिल्लं इतकी दाटीवाटीने असतात की एकमेकांना चावतात, पंख झिजतात. तिथे तगतं ते गर्दी सोसणारं पिल्लू. नदीत ती गर्दी नसते, तिथे भक्ष्य शोधायचं आणि शत्रू चुकवायचा असतो. त्याच नदीतल्या आधीच्या अभ्यासात तर हॅचरीत सर्वात यशस्वी ठरलेल्या कुळांचीच नदीत सर्वात वाईट अवस्था झाली होती. म्हणून फक्त आईबाप कुठले एवढंच विचारू नका, हौदात गर्दी किती हेही विचारा.