वाटाण्यापेक्षा गोठा बरा

आनुवंशिकता शिकताना मुलं मेंडेलच्या वाटाण्यांचं ३:१ हे प्रमाण (चारांत सरासरी तीन एका रूपाचे, एक दुसऱ्या) पाठ करतात, पण अर्थ डोक्यात शिरत नाही, हे खरंच. मी गोठ्यातून सुरुवात करतो. होल्स्टिन गाय काळी-पांढरी, वळूही तसाच, आणि वासरू निघालं तांबडं-पांढरं! लगेच कुजबुज, "डॉक्टरांनी कृत्रिम रेतनाची कांडी चुकीची भरली." अहो, दोघांतही तांबड्या रंगाचं अप्रभावी जनुक, म्हणजे काळ्याच्या जोडीला असलं की न दिसणारं, लपलेलं असू शकतं. दोन खिशांत, एक गायीचा नि एक वळूचा, एकेक काळं नि लाल बटण ठेवा, प्रत्येकातून न बघता एक काढा. दोन्ही लाल आली की तांबडं वासरू. पुढच्या वेतासाठी बटणं परत टाकायला मुलं हमखास विसरतात; खरं तर दर वेताला खेळ नव्याने सुरू होतो. "चार वेतांत एक तांबडं ठरलेलंच" हा गैरसमज तिथेच पकडता येतो. गाय दूध किती देते, हे उदाहरण मात्र सुरुवातीला नको. त्यात जनुकं अनेक, वर चारा-पेंडीचा हिशोब वेगळाच.