पार्किंगमध्ये डॅशकॅम पॉवर बँकेवर चालेल का?

प्रश्न: गाडी रात्री १० तास रस्त्यावर उभी असते. गाडीच्या बॅटरीला हात न लावता डॅशकॅम २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर चालवायचा आहे. पुरेल का?

उत्तर १: आरामात. २०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना घट धरून ६० उरतात. एका कॅमेऱ्याचा डॅशकॅम साधारण अडीच वॅट खातो, म्हणजे २४ तास. मागचा कॅमेराही असेल तर निम्मेच धरा.

खरी गोची वेगळीच. गाडी उभी असतानाच्या काही मोडमध्ये कॅमेरा फार कमी करंट ओढतो आणि बऱ्याच पॉवर बँका 'फोन भरला' असं समजून बंद पडतात. लो-करंट मोड असलेलीच घ्या. केबल फक्त पॉवरची हवी. डेटाची लावली तर काही कॅमेरे रेकॉर्डिंग सोडून पेनड्राइव्हसारखे वागतात.

उत्तर २: आणि पार्किंग मोड (गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग) आपोआप लागेल या भरवशावर राहू नका. गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याला बहुधा हार्डवायर किटच्या (थेट फ्यूज बॉक्सला जोडायच्या केबलच्या) एसीसी वायरवरून, म्हणजे चावी फिरवली की चालू-बंद होणाऱ्या वायरवरून कळतं. इथे मेन्यूतून हाताने लावा.

उत्तर ३: मे महिन्यात ती बँक डॅशबोर्डवर? मुळीच नको. लिथियम-आयन ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. उन्हातली बंद गाडी त्यापुढे सहज जाते. सीटखाली ठेवा, सकाळी घरी न्या. नेहमीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचा डॅशकॅम बॅटरी पॅक बरा, महाग असला तरी.

प्रश्नकर्ता: गाडी चालू असताना बँक लायटरवर चार्ज होत राहिली तर?

उत्तर १: पास-थ्रू, म्हणजे स्वतः चार्ज होतानाच पुढे पॉवर द्यायची सोय, असेल तरच. तरी काही बँकांत इग्निशन बंद करताच क्षणभर सप्लाय तुटतो नि कॅमेरा रीस्टार्ट होतो. एकदा करून बघा.