जुनी माती फेकू नका

ताई, वाशीच्या बाल्कनीतल्या कुंड्यांची माती दगडासारखी झालीय, नवीनच आणू का, असं विचारलंत. अजिबात नको! माती मेलेली नाही, उपाशी आहे. कुंडी उपडी करून जुनी मुळं काढा, ढेकळं फोडा, माती चार-पाच दिवस उन्हात पसरा. मग दोन भाग मातीत एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट मात्र आधी भिजवून दोन-तीनदा धुऊन पिळाच. त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

भेंडी, गवार फेब्रुवारीतच थेट कुंडीत पेरा, त्यांना उपटून लावलेलं मानवत नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. बाल्कनी पश्चिमेची असेल तर उन्हापासून सावलीसाठी हिरवी जाळी आत्ताच आणून ठेवा.