बफेलोचा बर्फ गल्ली बघून पडतो

अमेरिकेतल्या बर्फाच्या वादळांबद्दल एका बॉस्टनकरांनी लिहिलंय की नॉरईस्टरची, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावर येणाऱ्या मोठ्या वादळाची, चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते, दूध-ब्रेड आणून ठेवलं की झालं. तिकडचं खरं असेल, पण 'न्यूयॉर्क राज्यातही तेच' हे त्यांचं म्हणणं काही पटलं नाही. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या आमच्या बफेलोत वादळ समुद्रावरून येत नाही, ईरी सरोवरावरून येतं. पाणी अजून कोमट आणि वरून गार वारा, की वाफेचा एक चिंचोळा पट्टा तयार होतो. तो जिथे टेकेल तिथे बर्फाचा ढीग, बाजूला लख्ख ऊन. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या उपनगरांत ५ फुटांहून जास्त बर्फ पडला आणि उत्तर बफेलोत जेमतेम काही इंच. मी तेव्हा उत्तरेला राहायचो. अंगणात हिरवं गवत दिसत होतं आणि दक्षिणेकडे आभाळात पांढरी भिंत उभी. तिकडे राहणाऱ्या मित्राचं दारच उघडेना. उघडलं तर समोर बर्फावर दाराचा ठसा, अगदी हँडलसकट! पुण्यात कोथरूडला पाऊस आणि हडपसरला ऊन असतं ना, त्यातलाच प्रकार, फक्त फावडं लागतं.

आणखी एक, थंडी वाढली की आमचा त्रास कमी होतो. ईरी उथळ, सरासरी खोली साधारण ६२ फूट, त्यामुळे कडक हिवाळ्यात ते गोठतं आणि वाफच बंद. शेजारचं ऑन्टारिओ सरोवर खोल, सहसा गोठत नाही. त्यामुळे त्याच्या पूर्वेला टग हिल या उंच पठारावर राहणारे फेब्रुवारीतही फावडं मारत असतात.